विश्लेषण : पॉपअप कॅम्परच्या टाकीतले पाणी ‘शिळे’ का होते? टाकी कशी भरायची, कशी राखायची?

सहलीला निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, गॅस सगळे तपासले जाते. राहते ती पाण्याची टाकी. ती किती भरावी, कुठल्या तोंडातून भरावी, ब्लीच किती टाकावे आणि हिवाळ्यात तिचे काय करावे?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे अमेरिकेतला मेमोरियल डे. या जोडसुटीपासून तिथला कॅम्पिंगचा हंगाम सुरू होतो. सात-आठ महिने झाकून ठेवलेला पॉपअप कॅम्पर गराजमधून बाहेर निघतो. छत वर येते, गाद्यांना ऊन दाखवले जाते, टायरमधली हवा पाहिली जाते. टाकीकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. पाईप लावायचा, पाणी भरायचे आणि निघायचे. पहिल्या मुक्कामी चहाचे आधण ठेवल्यावर पाण्याला कुबट वास येतो, तेव्हा टाकीची आठवण होते. तोपर्यंत त्याच पाण्याने भाजी धुऊन झालेली असते आणि मुलांनी दातही घासलेले असतात.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेले मराठी आई-बाबाही अशा सहलींत असतात. त्यांच्यासाठी ही गोष्ट नवी नाही. सकाळी हंड्यातले शिळे पाणी ओतून ताजे भरायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत. कॅम्परच्या टाकीचे बहुतेक शास्त्र त्या एका सवयीत आहे.

पॉपअप कॅम्पर म्हणजे काय? त्यात पाणी किती असते?

गाडीमागे जोडून ओढायची, घडी होणारी छोटी खोली म्हणजे पॉपअप कॅम्पर. प्रवासात ती बुटक्या पेटीसारखी दिसते. मुक्कामी पोहोचल्यावर हँडल फिरवून छत उचलायचे आणि दोन्ही बाजूंचे पलंग बाहेर ओढायचे. वरच्या भिंती कापडाच्या असतात. आत छोटा ओटा, शेगडी, सिंक आणि बाकाखाली किंवा तळाशी पॉलिथिलीनची टाकी असते.

या टाक्या साधारण १० ते २५ गॅलनच्या, म्हणजे ३८ ते ९५ लिटरच्या असतात. २० गॅलनची टाकी धरली तर ७६ लिटर, म्हणजे आपल्या चार-पाच बादल्या. चार जण दोन दिवस राहिले तर माणशी रोज साडेनऊ लिटर पाणी वाट्याला येते. भारतातील शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरला जातो. त्यावरून या टाकीतल्या पाण्याची किंमत लक्षात यावी.

‘थेट नळ जोडता येणाऱ्या जागीच उतरू’ असे म्हणून टाकी टाळता येते का? दरवेळी नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी देणारी जागा म्हणजे फिशिंग ब्रिज. पण तो ग्रिझली अस्वलांचा टापू असल्याने तिथे टणक भिंतींच्याच गाड्यांना मुक्काम करता येतो. तंबू आणि कापडी भिंतींचे पॉपअप तिथे चालत नाहीत. योसेमिटीच्या कॅम्पग्राऊंडमध्ये तर अशा जोडण्याच नाहीत. म्हणजे पॉपअपवाल्यांना सार्वजनिक नळावरून टाकी भरून आणणे भागच आहे.

पाणी ‘शिळे’ होते म्हणजे नेमके काय होते?

नळाचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा त्यात थोडा क्लोरिन मुद्दाम राखलेला असतो. वाटेत जंतू वाढू नयेत म्हणून. अमेरिकेत हे प्रमाण लिटरला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असा नियम आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ते किमान ०.२ मिलिग्रॅम असावे.

हा क्लोरिन कायम टिकत नाही. वेळ, उष्णता आणि उजेड यांनी तो कमी होतो. टाकीच्या भिंतीवर मळ असेल तर त्याच्याशी प्रक्रिया होऊनही तो संपतो. उन्हात उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये ही घट आणखी वेगाने होते. पाणी तेवढेच दिसते, चवही फारशी बदलत नाही, पण त्याचा पहारेकरी निघून गेलेला असतो. मग भिंतींवर आणि नळ्यांमध्ये जंतूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. हा थर एकदा बसला की नुसते पाणी बदलून जात नाही. उलट, नव्याने भरलेल्या पाण्यातला क्लोरिन तोच आधी खाऊन टाकतो.

उबदार, स्थिर आणि क्लोरिन संपलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जीवाणूही वाढू शकतो. त्याला २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ पसरली, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. तो मुख्यतः पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून, श्वासावाटे शरीरात जातो. त्यामुळे कॅम्परला शॉवर असेल तर ‘हे पाणी आम्ही पीत नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. प्रत्येक टाकीत तो असतो असे नाही. पण ज्येष्ठ नागरिक, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना त्याचा धोका जास्त असतो.

पाणी भरायला दोन तोंडे का असतात?

नवख्या मालकांचा सर्वाधिक घोळ इथेच होतो. अनेक कॅम्परच्या बाहेरच्या बाजूला पाण्यासाठी दोन जागा असतात.

पहिले तोंड टाकीचे. झाकण उघडायचे, आत पाईप सोडायचा. पाणी उताराने टाकीत जाते. तिथून ते १२ व्होल्टच्या पंपाने नळाला येते. जुन्या कॅम्परमध्ये सिंकजवळ हातपंप असतो.

दुसरे तोंड ‘सिटी वॉटर’चे. त्याला आटे असतात आणि पाईप घट्ट बसतो. इथून आलेले पाणी टाकीत जातच नाही. ते बाहेरच्या नळाच्या दाबाने थेट आतल्या नळांना मिळते. त्या वेळी पंप बंद ठेवायचा असतो.

म्हणून दुसऱ्या तोंडाला तासभर पाईप लावून ठेवला तरी टाकी रिकामीच राहते. याउलट, सिटी वॉटर जोडलेले असताना टाकी आपोआप भरून वाहू लागली, तर पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह खराब झाल्याची शंका घ्यावी. पाणी टाकीकडे उलटे जाऊ नये, हे त्याचे काम.

सिटी वॉटर जोडताना दाब कमी करणारा रेग्युलेटर नळाच्या बाजूलाच लावावा. कॅम्परच्या नळ्यांसाठी साधारण ४० ते ५० पीएसआय दाब योग्य मानला जातो. कॅम्पग्राऊंडच्या नळाला तो बराच जास्त असू शकतो. अशा वेळी जोड निसटला तर बाकाखालच्या लाकडात पाणी मुरते आणि कळते फार उशिरा.

टाकी भरण्याची योग्य पद्धत कोणती?

आधी नळावरची पाटी वाचा. पिण्याचा नळ वेगळा असतो. सांडपाणी रिकामे करण्याच्या जागी असलेला नळ मळक्या टाक्या धुण्यासाठी असतो. तिथे लोकांनी काय धुतले असेल सांगता येत नाही, म्हणून तो टाळाच.

नळाचे तोंड पुसून घ्या आणि मिनिटभर पाणी वाहू द्या. पाईप पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेलाच वापरा. तो बहुधा पांढरा किंवा निळा असतो आणि त्यावर एनएसएफ ६१ हे मानक लिहिलेले सापडते. बागेचा हिरवा पाईप या कामाचा नाही. काम झाले की पाईप पूर्ण निथळवून त्याची दोन्ही टोके एकमेकांना जोडून ठेवा. आत धूळ आणि किडे जात नाहीत.

पाईप तोंडात गच्च कोंबू नका. पाणी आत जाताना तेवढीच हवा बाहेर यावी लागते. वाट बंद झाली तर पाणी उलटे अंगावर उडते. नळ थोडा कमी सोडला की हा त्रास होत नाही.

पाणी भरताना कॅम्पर समपातळीत हवा. पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. टाकीतल्या टोकांवर मळ बसला की दिवे चुकीचे दाखवतात. जादा पाण्याच्या नळीतून धार लागली की टाकी भरली, ही सोपी खूण.

इथे फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. पाणी भरतानाच कार्बन फिल्टर लावला की टाकी स्वच्छ राहील, असे अनेकांना वाटते. पण कार्बन क्लोरिनच काढून घेतो, म्हणजे साठवायच्या पाण्याचे संरक्षण भरतानाच जाते. भरताना फक्त गाळ अडवणारा फिल्टर असावा. चवीसाठी कार्बन फिल्टर हवाच असेल तर तो पिण्याच्या नळापाशी लावावा.

प्रवासात टाकी भरलेली ठेवावी का?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २० गॅलनची टाकी भरली की ७६ किलो वजन वाढते, म्हणजे जवळपास एक मोठा माणूस. पॉपअप मुळात हलका असतो आणि त्याची सामान वाहण्याची मर्यादाही कमी असते. भांडी, गाद्या, गॅस सिलिंडर, बॅटरी यांच्यात हे वजन मोजायला लोक विसरतात.

वजन कुठे आहे हेही महत्त्वाचे. मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे हिचवर यावा असा संकेत आहे. टाकी चाकांच्या मागे असेल तर पाणी भरल्यावर मागची बाजू जड होते आणि जोडावरचा भार कमी होतो. अशा वेळी महामार्गावर कॅम्पर शेपटीसारखा हलू लागतो. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळते, ते वेगळेच. म्हणून लांबचा पल्ला टाकी रिकामी ठेवून गाठावा आणि मुक्कामाजवळ पाणी भरावे. वाटेत लागेल तेवढे पाणी कॅनमध्ये वेगळे ठेवता येते. परतीच्या वाटेवरही तेच. उरलेले पाणी घरी आणण्यात पेट्रोलही जाते आणि टाकीत शिळे पाणीही राहते.

टाकी निर्जंतुक कशी करायची? ब्लीच किती?

हंगामाच्या सुरुवातीला, टाकी बरेच दिवस पडून राहिली असेल तेव्हा आणि पाण्याला वास येऊ लागला की हे काम करावे. अमेरिकेतील कॅम्परमालकांचा प्रचलित हिशेब आहे, १५ गॅलनला पाव कप साधे ब्लीच. यातून पाण्यात लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरिन मिळतो. पण बाजारातले ब्लीच ५ टक्क्यांपासून ८ टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या तीव्रतेचे असते. त्यामुळे कपापेक्षा सूत्र बरे :

टाकीचे लिटर × ५ ÷ बाटलीवरील टक्के = ब्लीचचे मिलिलिटर

७६ लिटरची टाकी आणि ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले ब्लीच असेल तर ७६ × ५ ÷ ६, म्हणजे साधारण ६३ मिलिलिटर. चार मोठे चमचे पुरे. जास्त टाकल्याने काम जास्त चांगले होत नाही, उलट रबरी वायसर खराब होतात.

ब्लीच साधे, बिनवासाचे हवे. सुगंधी, घट्ट किंवा शिंतोडे न उडणारे म्हणून विकले जाणारे ब्लीच यासाठी नको. त्यात व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेले कोणतेही क्लीनर मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतात.

क्रम असा :

१. टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा व्हॉल्व्ह बंद करा. वॉटर हीटर असेल तर तो बंद करून थंड होऊ द्या. ब्लीच हीटरमधून न्यायचे की त्याला वगळायचे, हे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवा.

२. मोजलेले ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळा, मग टाकीत ओता. टाकी साध्या पाण्याने पूर्ण भरा.

३. पंप सुरू करून एकेक नळ उघडा. क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी जाऊ द्या. गरम पाण्याची बाजू आणि बाहेरचा शॉवर विसरू नका. नळ्यांत पाणी पोहोचले नाही तर फक्त टाकी धुतली जाते.

४. किमान चार तास तसेच ठेवा. रात्रभर ठेवले तरी चालते.

५. सगळे पाणी काढून टाका. हे काम घरी, सांडपाण्याच्या नाल्यापाशी करा. ओढ्यात किंवा कॅम्पग्राऊंडच्या मातीत हे पाणी सोडू नये.

६. वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. तरीही वास उरला तर पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवून एकदा फिरवा आणि पुन्हा धुवा.

पंपाचा आवाज काय सांगतो?

यातला पंप नळ उघडला की सुरू होतो आणि बंद केला की दाब भरून थांबतो. सगळे नळ बंद असताना तो अधूनमधून ‘टक’ करून क्षणभर चालत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपातला व्हॉल्व्ह नीट बसत नाही. पंप चालतो पण पाणी येत नाही, अशा वेळी आधी टाकी रिकामी नाही ना ते पाहा. मग पंपाच्या आधी असलेली छोटी जाळी काढून बघा. त्यात प्लॅस्टिकचे कण आणि गाळ अडकलेला असतो. जाळी हंगामात एकदा धुतली तरी पुरते. गाडी चालवताना, झोपताना आणि कॅम्पर सोडून फिरायला जाताना पंपाचा खटका बंद ठेवावा. नळी निसटली तर पंप सगळी टाकी आतल्या जमिनीवर रिकामी करील.

सिंकचे पाणी कुठे जाते, हेही बघायला हवे. अनेक पॉपअपना सांडपाण्याची टाकी नसते. बाहेर फक्त एक तोंड असते आणि त्याखाली बादली किंवा चाकांची टाकी ठेवावी लागते. ते पाणी ठरवून दिलेल्या जागीच ओतायचे असते. राष्ट्रीय उद्यानात ते जमिनीवर सोडता येत नाही. खरकट्याच्या वासाने अस्वले येतात, हेही त्यामागचे एक कारण.

हिवाळ्यात काय करायचे?

पाण्याचा बर्फ झाला की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत, पंपात किंवा नळाच्या वाकणात अडकलेले थोडेसे पाणीही त्यांना तडकवायला पुरेसे असते. अमेरिकेच्या थंड राज्यांत म्हणूनच शरद ऋतूत ‘विंटरायझिंग’ केले जाते.

टाकी, हीटर आणि सर्वांत खालच्या पातळीवरचे निचऱ्याचे व्हॉल्व्ह उघडून सगळे पाणी काढायचे. हीटर थंड झाल्यावर आणि दाब सोडल्यावरच त्याचे बूच काढावे. मग हीटरला बायपास करून गुलाबी रंगाचे आरव्ही अँटिफ्रीझ पंपाने नळ्यांत खेळवायचे. प्रत्येक नळातून गुलाबी पाणी आले की काम झाले. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. गाडीच्या रेडिएटरमध्ये वापरले जाणारे अँटिफ्रीझ बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते आणि ते विषारी आहे. ते पिण्याच्या नळ्यांत कधीही घालू नये. वसंतात हे द्रव धुऊन काढायचे, टाकी निर्जंतुक करायची आणि हीटरमध्ये पाणी भरल्याची खात्री झाल्यावरच तो पेटवायचा. रिकामा हीटर सुरू केला तर तो खराब होतो.

आपल्याकडे याचा काय संबंध?

घडीचे पॉपअप कॅम्पर भारतात दुर्मीळ आहेत. पण भाड्याच्या कॅम्परव्हॅन आता दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणले. कोकणात किंवा गोव्याकडे अशा गाडीने निघालात, तर टाकीचे नियम तेच राहतात. बर्फाची भीती मात्र जाते आणि उकाड्याची वाढते. ३५ अंशांत उभ्या गाडीच्या टाकीत क्लोरिन टिकण्याची आशा धरू नये.

दुसरा फरक पाण्याच्या उगमाचा. हॉटेल, पेट्रोल पंप किंवा ढाब्यावर मिळणारे पाणी बोअरवेलचे वा टँकरचे असू शकते. त्यात क्लोरिन असेलच असे नाही. अशा वेळी अनेक जण टीडीएस मीटर बुडवून निश्चिंत होतात. पण टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. आकडा १०० आला तरी पाणी दूषित असू शकते. गाडी भाड्याने घेताना ‘टाकी शेवटची कधी धुतली?’ हा प्रश्न एसीच्या प्रश्नाइतक्याच ठामपणे विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल तर पिण्याचे, दात घासण्याचे आणि भाजी धुण्याचे पाणी वेगळ्या कॅनमधून घ्यावे.

डेंग्यू टाळण्यासाठी आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. भांडी रिकामी करा, घासा, वाळवा, पुन्हा भरा. कॅम्परच्या टाकीलाही तोच नियम लावता येतो. सहल संपली की त्याच दिवशी टाकी रिकामी करायची, निचऱ्याचा व्हॉल्व्ह आणि नळ उघडे ठेवून ती वाळू द्यायची आणि हवा जाण्याच्या नळीवरची जाळी शाबूत आहे ना ते पाहायचे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• टाकी साठवणीसाठी नाही, मुक्कामापुरती आहे. भरा, वापरा, रिकामी करा.
• भरण्यापूर्वी नळावरची पाटी वाचा आणि तोंड कोणते ते ओळखा.
• पाणी मुक्कामाजवळ भरा. एक लिटर म्हणजे एक किलो.
• ब्लीच अंदाजाने नको, सूत्राने मोजा. आधी पाण्यात मिसळा, मग टाकीत ओता.
• पाणी किती दिवसांपूर्वी भरले ते आठवत नसेल, तर ते शिळे आहे असे समजून ओतून द्या.